गवताची ओळख सांगणारे सिलिकाकण : पार्श्वभूमी

उसाच्या पाल्याने हात चिरतात, हे कोल्हापूरच्या शिवारात कुणाला नव्याने सांगायला नको. पानाच्या कडेचे बारीक काटे सिलिकेने, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाने, कठीण झालेले असतात. मुळे जमिनीतल्या पाण्याबरोबर विरघळलेले सिलिसिक आम्ल शोषतात, पानातून पाणी उडून गेले की ते पेशींत ओपलच्या (पाण्याचा अंश असलेल्या घट्ट सिलिकेच्या) रूपाने साचते आणि बऱ्याचदा त्या पेशीचाच आकार घेते. पान कुजले किंवा जळले तरी हे कण मातीत उरतात. त्यांनाच फायटोलिथ म्हणतात. पाचट पेटवल्यानंतर रानात राहिलेल्या राखेची चिमूट ४०० पट मोठी करून पाहिली, तर तालमीतल्या डंबेलसारखे कण दिसतात.

वनस्पतींतील या कणांची नोंद १८३५ च्या सुमारास जर्मनीत झाली. बर्लिनचे निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी त्यांचे वर्गीकरण सुरू केले. बीगल जहाजावर पडलेली धूळ डार्विनने त्यांच्याकडे पाठवली, तेव्हा तीतही त्यांना वनस्पतींचे सिलिकाकण सापडले. १९०८ मध्ये शेलेनबर्ग यांनी तुर्कमेनिस्तानातील अनाऊ येथील उत्खननातून गहू आणि सातूचे असे अवशेष ओळखले. गवतांच्या वर्गीकरणासाठी मात्र खरी वाट फ्रान्सच्या आंरी प्रा यांनी १९३० च्या दशकात पानांच्या अपित्वचेचा, म्हणजे सर्वांत बाहेरच्या पेशीथराचा, अभ्यास करून घालून दिली, आणि १९६९ मध्ये ट्विस, स्यूस व स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी आकारांची गवताच्या उपकुलांशी सांगड घालणारी पद्धत मांडली.

ही सांगड आपल्याकडच्या पिकांवरही पडताळता येते. ऊस, ज्वारी आणि मका यांत डंबेलच्या आकाराचे कण मिळतात, नाचणी आणि हरळीत खोगिराच्या आकाराचे, तर गव्हात गोलसर तबकडीसारखे. भाताच्या पानातील पंख्यासारखे मोठे कण आणि तुसावरचे दोन टोकांचे कण इतके ठळक असतात, की पुरातत्त्वज्ञ प्राचीन भातशेतीचा माग त्यांवरून काढतात. आपल्याकडचा सर्वांत थक्क करणारा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचा आहे : तेथील डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे फायटोलिथ असल्याचे २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, आणि गवते डायनोसॉरच्या काळातही होती हे त्यावरून सिद्ध झाले.

तरीही एका कणावरून गवताची जाती सांगण्याचा मोह आवरावा लागतो. ऊस, कुसळी आणि मारवेल ही एकाच गटातली गवते असल्याने तिघांतही डंबेल सापडतात. शिवाय एकाच पानात अनेक आकार असतात आणि एकच आकार अनेक जातींत आढळतो. म्हणून शेकडो कण मोजून, त्यांची लांबी-रुंदी आणि परस्पर प्रमाण पाहून, ओळख पटलेल्या गवतांच्या नमुन्यांशी तुलना करावी लागते. आकारांची नावेही जो तो आपापल्या परीने देत असे; त्यांची आंतरराष्ट्रीय नियमावली २००५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये सुधारली गेली. तुलनेचा संच तयार करायचा, तर आधी गवत फुलोऱ्यावर असताना गोळा करून त्याची जाती निश्चित करावी लागते, आणि मगच त्याच्या पानाचा तुकडा भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सिअसला जाळून राख काचपट्टीवर घेता येते.