जुना पेट्रोलवाला हेज ट्रिमर पडून आहे? भंगारात द्यायच्या आधी एवढं वाचा

सोसायटीच्या पंपरूममध्ये, जुन्या बंगल्याच्या माळ्यावर, नाहीतर कर्जत-मुरबाडकडच्या फार्महाऊसवर हेज ट्रिमर, म्हणजे कुंपणाची झुडपं छाटायचं मशीन, हमखास सापडतं, लांब दोन बाजूंचं पातं, मागे छोटं इंजिन, स्टिकर कधीच उडालेलं. मग कोणीतरी म्हणतं चालू होतंय का बघू, आणि पंपावरचं पेट्रोल घालून दोरी ओढायला लागतं. प्लीज असं करू नका. आमच्या तुर्भ्याच्या वर्कशॉपला येणारी बरीचशी मशीनं आतून चांगली असतात, गेलेलं असतं ते फक्त रबर, म्हणजे डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा), पाइप, ऑइल सील. पण सील कडक झालेलं असताना इंजिन पळवलं की तिथून हवा आत शिरते, पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडतं, आणि जो पिस्टन इतकी वर्षं शाबूत होता तो दोन मिनिटांत सिलेंडरला ओरखडे पाडून जाम होतो.

पिस्टन आधीच जाम असेल तर दोरीशी कुस्ती नको. स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून थोडं ऑइल सोडा आणि तसंच राहू द्या, बाकी आम्ही बघतो.

मशीन कुठलं हे ओळखताना बॉडीवरच्या नावावर फार जाऊ नका, कारण ट्रिमर एका कंपनीचा आणि इंजिन दुसऱ्याचं हे सर्रास असायचं. जपानी मशीनमध्ये कावासाकी, मित्सुबिशी, झेनोआ, रॉबिन अशी इंजिनं दिसतात. रॉबिन म्हणजे फुजी हेवी इंडस्ट्रीज, आताची सुबारू, त्यांनी २०१७ मध्ये छोटी इंजिनं बनवणंच बंद केलं, त्यामुळे पार्ट नावाने नाही तर माप जुळवून शोधावा लागतो. म्हणून आम्हाला फोटो पाठवताना तीन जागांचे पाठवा: रिकॉइलच्या (दोरी ओढायच्या भागाच्या) आसपासची नंबर प्लेट, कार्बवर (कार्बोरेटरवर) कोरलेली अक्षरं (वॉलब्रो, टिलॉटसन असं काहीतरी असतं) आणि पात्याचं गिअरबॉक्सकडचं टोक. प्लेट नसेल तरी अडत नाही, सिलेंडर उतरवून माप घेतलं की कळतं, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ३२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) २८ मिमी आला तर ते २२.५ सीसीचं इंजिन. वयाचा अंदाज फ्लायव्हीलखाली (इंजिनच्या फिरत्या जड चाकाखाली) लागतो. तिथे प्लॅटिनम पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) असतील तर मशीन साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकातलं किंवा त्याच्याही आधीचं, कारण पुढे हळूहळू सगळीकडे इलेक्ट्रॉनिक कॉइल आली.

आणि करंट येत नाही म्हणून लगेच कॉइल गेली असं समजू नका, आपल्याकडे खाडीची दमट हवा, चार पावसाळे मशीन पडून राहिलं की पॉइंटवर पांढरा थर चढतो, तो साफ करून गॅप ०.३५ मिमीच्या आसपास लावला की बऱ्याचदा ठिणगी परत येते.

आता पेट्रोल. पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. त्यामुळे आम्ही डायफ्राम किट आणि पाइप इथेनॉल सोसणारेच टाकतो, तरी काम झालं की टाकी रिकामी करून कार्बमधलं पेट्रोल जळून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय माळीदादांना लावाच, खरंच फरक पडतो. टू टी ऑइलचं (पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं) प्रमाण टाकीच्या झाकणावर असेल ते पाळा, २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली. नव्या मशीनचं ५०:१ चं मिश्रण उरलंय म्हणून यात ओतू नका.

पात्याला ग्राइंडर लावून आणलेली मशीनं बघितली की वाईट वाटतं. तापून दात निळे पडतात, पात्याचं पाणी (कडकपणा) उतरतं, मग मेंदीसुद्धा कापली न जाता चुरगळते. आम्ही चीक रॉकेलने काढतो, हाताने कानस मारतो, तीही फक्त उतरत्या कडेला, सपाट बाजूला अजिबात नाही. नंतर बोल्ट पूर्ण आवळून पाव ते अर्धा फेरा सैल करून लॉकनट लावतो, म्हणजे दोन्ही पाती चिकटून चालतात पण अडकत नाहीत.

रंग आम्ही सांगितल्याशिवाय करत नाही. मूळ रंग आणि अर्धवट उरलेलं स्टिकर यातच त्या मशीनची ओळख आहे असं आमचं मत आहे.

काही मशीनला मात्र आम्ही स्पष्ट नाही म्हणतो, क्रँककेसला (इंजिनच्या खालच्या कवचाला) तडा असेल, किंवा पात्याचे दात घासून संपले असतील आणि जोड मिळत नसेल तर. आणि आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) पातं थांबत नसेल, म्हणजे क्लचची स्प्रिंग गेलेली असेल, तर ती बदलल्याशिवाय मशीन परत देत नाही, कितीही घाई असली तरी. जुन्या मशीनला पुढे हँडगार्ड नसतो, आम्ही बसवून देतो, नको म्हणू नका.

खर्च किती येईल ते उघडून बघितल्यावरच सांगतो, आणि तुम्ही हो म्हटल्यावरच काम सुरू करतो. मशीन आणताना टाकी पूर्ण रिकामी करा, पात्यावर जाड पुठ्ठा गुंडाळा, आणि रिक्षाने किंवा गाडीने आणा, लोकलमध्ये पेट्रोल न्यायला बंदी आहे.