ठिसूळ नखांसाठी मॅनिक्युअर निवडताना : रजोनिवृत्तीच्या काळातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या अनेक ग्राहक पंचेचाळिशी ओलांडल्यावर जवळपास एकच तक्रार सांगतात. पूर्वी सहज वाढणारी नखे आता टोकाशी पापुद्रे सुटून फाटतात, उभी चिरतात, साडीच्या जरीत किंवा शालीच्या धाग्यात अडकतात आणि कधी कधी थेट जिव्हाळीपर्यंत तुटतात. अशा वेळी नखांवर एखादे जाड, टणक आवरण चढवून घ्यावे, असा बहुतेकींचा पहिला विचार असतो. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही. मात्र आवरण चढवण्याआधी ते पुढे काढायचे कसे, हे विचारायला हवे, आणि नेमका तोच प्रश्न क्वचित विचारला जातो. ठिसूळ नखांची हानी बहुधा मॅनिक्युअर करताना होत नाही, ते उतरवताना होते, हा आमचा रोजचा अनुभव आहे. म्हणून या पत्रकात प्रत्येक प्रकाराचा विचार मुख्यतः त्याच बाजूने केला आहे.

नखे का बदलतात

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते आणि त्याआधीची काही वर्षे शरीरातील इस्ट्रोजेन या हार्मोनची पातळी चढ-उतार करीत खाली येत असते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. या काळात त्वचा कोरडी पडते, केस विरळ होतात, आणि नख हे त्वचेचेच अंग असल्यामुळे तेही यातून सुटत नाही. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे अनेक थर एकमेकांवर घट्ट बसून नख तयार होते. त्या थरांना धरून ठेवणारा स्निग्ध अंश वयानुसार घटत गेला, की चिरोट्याचे पापुद्रे सुटावेत तसे नखाचे टोक सुटू लागते.

सगळा दोष हार्मोन्सवर टाकणे मात्र योग्य नाही. नख पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते; पावसाळ्यात लाकडी दार फुगून अडकते आणि उन्हाळ्यात त्याला फटी पडतात, तसाच हा प्रकार दिवसातून दहा-पंधरा वेळा नखांच्या बाबतीत घडतो. भांडी, धुणे, फरशी पुसणे, भाज्या धुणे आणि त्यात भर म्हणून हातांना चोळलेले सॅनिटायझर, हे सारे तिशीतले नख सोसते, पन्नाशीतले सोसत नाही.

आपल्या नखाचा दोष कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखणे निवडीसाठी फार महत्त्वाचे आहे. टोकाशी आडवे पापुद्रे सुटत असतील, तर कारण बहुधा बाहेरचे, म्हणजे पाणी, साबण किंवा नेलपॉलिश रिमूव्हर असते. नखावर मुळापासून टोकापर्यंत उभ्या रेघा उठून त्यांच्यावरच नख चिरत असेल, तर कारण बहुधा नखाच्या मुळाशी, म्हणजे वयाशी किंवा आरोग्याशी निगडित असते. पहिल्या प्रकारात नखाला विश्रांती लागते, तर दुसऱ्या प्रकारात कधी कधी खरोखरच आधाराचे आवरण लागते.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते आणि वयानुसार हा वेग आणखी मंदावतो. संपूर्ण नख नव्याने यायला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे गणपतीत खरवडले गेलेले नख शिमग्यापर्यंत पुरते. त्यामुळे कोणत्याही उपायाचा परिणाम पंधरा दिवसांत दिसेल, असे आश्वासन आम्ही देत नाही आणि कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कोणता प्रकार निवडावा

पापुद्रे सुटणाऱ्या नखांसाठी आमची पहिली शिफारस साध्या, कोरड्या मॅनिक्युअरची असते. कोमट पाण्याच्या वाडग्यात बोटे बुडवून ठेवण्याची पद्धत सुखावह वाटत असली, तरी पाण्याने फुगलेल्या नखावर लावलेले पॉलिश नख आकसताच टोकाकडून सुटू लागते, आणि नखाला आणखी एकदा भिजण्या-वाळण्याची शिक्षा होते ती वेगळीच. म्हणून अशा ग्राहकांच्या बाबतीत आम्ही वाडगा बाजूला ठेवून तेल किंवा क्रीम वापरून क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली त्वचेची पातळ कडा) मऊ करतो आणि केवळ मागे सारतो. क्युटिकल कापून मागणाऱ्या ग्राहकांना आम्ही नम्रपणे नकार देतो, कारण ती कडा नखाच्या मुळाशी पाणी आणि जंतू जाऊ नयेत म्हणून असलेली नैसर्गिक सील आहे. ती कापली, की नखुरडे होण्याचा धोका वाढतो, आणि मधुमेह असल्यास ते लवकर बरे होत नाही.

नखे बोटाच्या टोकाबरोबर किंवा त्याहून किंचितच लांब ठेवावीत, कडा गोलसर कराव्यात आणि बारीक दाण्याच्या फायलरने एकाच दिशेने घासावे. करवतीसारखे पुढे-मागे घासल्याने पापुद्रे सुटायला तिथूनच सुरुवात होते. त्यावर एक बेस कोट, पातळ रंगाचे दोन हात आणि एक टॉप कोट पुरेसा होतो. बेस कोट वगळू नये, कारण गडद रंगाचे डाग कोरड्या नखात लवकर उतरतात. असे पॉलिश पाच-सात दिवस टिकते, हा त्याचा दोष मानला जातो. पण ते अ‍ॅसिटोनविरहित रिमूव्हरने, न खरवडता, अर्ध्या मिनिटात उतरते, हा गुण आमच्या मते त्याहून मोठा आहे. मात्र अ‍ॅसिटोनविरहित रिमूव्हरही नखाला कोरडे करतो, म्हणून आठवड्यातून एकदाच वापरावा आणि नंतर तेल लावावे.

रंग नकोच असेल, तर जपानी पद्धतीचे मॅनिक्युअर हा चांगला पर्याय आहे. त्यात मधमाशीच्या मेणाचा लेप मऊ चामड्याच्या बफरने नखात घोळवला जातो, त्यामुळे नखाला मोत्यासारखी मंद चमक येते आणि पाणी काही काळ आत शिरत नाही. यात काढून टाकण्यासारखे काहीच नसते. उभ्या रेघा ‘घासून सपाट करा’ अशी मागणी मात्र आम्ही पूर्ण करत नाही, कारण रेघ घासणे म्हणजे आधीच पातळ असलेले नख आणखी पातळ करणे होय. रेघा भरून काढणारा बेस कोट मिळतो, तो वापरावा.

जेल पॉलिशविषयी सर्वाधिक विचारणा होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. जेल पॉलिश दिव्याखाली घट्ट होते, दोन-तीन आठवडे टिकते, आणि नखावर असेपर्यंत त्याचे पाण्यापासून रक्षणही करते. खरी अडचण ते उतरवताना येते. दहा-पंधरा मिनिटे अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फॉइलने बोटांवर बांधून ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ ग्राहकाला किंवा पार्लरला नसला, की उरलेले जेल हत्याराने खरवडले जाते; त्याबरोबर नखाचा वरचा थरही निघून येतो. पांढुरके, खडबडीत ठिपके दिसणारे नख घेऊन ज्या ग्राहक आमच्याकडे येतात, त्यांतील बहुतेकींनी जेल घरी, टीव्ही पाहता पाहता, सोलून काढलेले असते. (हा मोह आम्हांलाही समजतो, पण तो महाग पडतो.)

जेल घ्यायचेच असेल, उदाहरणार्थ घरात लग्नकार्य असेल, तर आमच्या काही अटी आहेत. उतरवण्याची वेळ त्याच दिवशी ठरवून जावी, दोन जेलच्या मध्ये काही आठवड्यांचा खंड ठेवावा, आणि दिव्यातून अतिनील-अ किरणे बाहेर पडत असल्याने २० मिनिटे आधी हातांना सनस्क्रीन लावावे किंवा बोटांची टोके उघडी असलेले हातमोजे घालावेत. प्रकाशाला त्वचा संवेदनशील करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. जेल घट्ट होताना त्यातून उष्णता बाहेर पडते. पातळ नखांना ती चटका बसल्यासारखी जाणवते, आणि अंगातून वाफा येण्याचा त्रास असलेल्या ग्राहकांना तर ती नकोशीच होते. चटका बसल्यास बोट ताबडतोब दिव्याबाहेर काढावे, सहन करीत बसू नये. आम्ही अशा वेळी अधिक पातळ थर देतो आणि पंख्याजवळची खुर्ची राखून ठेवतो.

उभ्या चिरणाऱ्या नखांना मात्र बिल्डर जेलचा (नखाला आधार देणाऱ्या जेलचा) पातळ, लवचीक थर अनेकदा उपयोगी पडतो, कारण तो चिरेला पुढे सरकू देत नाही. येथे ‘काढायचे कसे’ या प्रश्नाचे उत्तर ‘पूर्ण काढायचेच नाही’ असे आहे : दर तीन आठवड्यांनी मुळाशी वाढलेला भाग भरून घ्यायचा आणि चिर नखाच्या वाढीबरोबर टोकाशी येऊन कापली जाईपर्यंत थर उतरवायचा नाही. मुळाशी थर नखापासून उचललेला दिसल्यास मात्र तो उतरवणेच इष्ट, कारण त्या फटीत पाणी साचून हिरवट डाग देणारे जीवाणू वाढू शकतात.

अ‍ॅक्रिलिक एक्स्टेंशन ठिसूळ नखांवर आम्ही करत नाही. लांब, ताठ आवरण पातळ नखावर पहारीसारखे काम करते. टोकाला धक्का लागला, की बळ मुळाकडे पोहोचते आणि नख खालच्या त्वचेपासून उचलले जाते. डिप पावडर (चिकट द्रवावर पूड बसवून केलेले आवरण) दिव्याशिवाय होते, म्हणून ती सौम्य आहे असा समज आहे, पण तीही अ‍ॅसिटोननेच उतरते. स्वस्त अ‍ॅक्रिलिकमध्ये मिथाइल मेथाक्रिलेट असण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच ते निव्वळ स्वरूपात असलेल्या नखउत्पादनांविरुद्ध कारवाई केली होती. अतिशय उग्र वास आणि फायलरला दाद न देणारा कठीणपणा ही त्याची खूण आहे.

नख कठीण करणाऱ्या ‘हार्डनर’विषयीही सावध राहावे. फॉर्माल्डिहाइडयुक्त हार्डनर पहिले काही आठवडे नख टणक करतो, पण पुढे तेच नख लवचीकता हरवून काचेसारखे तडकते. ठिसूळ नखाला कठीणपणापेक्षा लवचीकतेची गरज अधिक असते.

अ‍ॅलर्जीविषयी

जेलमधील अ‍ॅक्रिलेट्स या रसायनांची अ‍ॅलर्जी एकदा झाली, की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि दातांच्या उपचारांत किंवा सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये वापरल्या जाणाऱ्या याच वर्गातील पदार्थांनाही शरीर प्रतिक्रिया देऊ शकते. रजोनिवृत्तीनंतर या दोन्ही उपचारांची वेळ येण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आम्ही हा मुद्दा आवर्जून सांगतो. यांतील सर्वांत कुप्रसिद्ध घटक ‘हेमा’ हा आहे (नाव ओळखीचे वाटले तरी हे रसायनच आहे); युरोपीय संघात तो असलेली नखउत्पादने केवळ व्यावसायिकांनीच वापरावीत असा नियम आहे, तर जेल घट्ट करणाऱ्या ‘टीपीओ’ या घटकावर तेथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आहे. आमच्या बाटल्यांवरील घटकांची यादी कोणत्याही ग्राहकाला वाचायला मिळते. ऑनलाइन मागवलेले जेल किट घरच्या घरी वापरताना न घट्ट झालेले जेल त्वचेला लागते, आणि अ‍ॅलर्जीची सुरुवात बहुधा तिथेच होते. बोटांच्या टोकांना खाज, लाली किंवा फोड आल्यास, अगदी पापण्यांवर खाजरे चट्टे उठल्यासही, जेल थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

घरी काय करावे

भांडी-धुणे करताना आत सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे घालावेत. दिवाळीच्या साफसफाईत ते विशेष गरजेचे असतात, आणि दुर्दैवाने त्याच आठवड्यात ते सर्वांत कमी वापरले जातात. हात धुतल्यावर दर वेळी क्रीम लावणे उत्तम. रात्री झोपताना नखे आणि क्युटिकलवर पेट्रोलियम जेली किंवा घरचे खोबरेल चोळले तरी चालते. युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेली क्रीम औषधांच्या दुकानात मिळतात आणि कोरड्या नखांना त्यांचा चांगला उपयोग होतो. डबे उघडणे, लेबले खरवडणे, लसूण सोलणे यांसाठी नखांचा वापर टाळावा.

बायोटिनच्या गोळ्यांविषयी एक महत्त्वाची सूचना आहे. रोज २.५ मिलिग्रॅम बायोटिन घेतल्याने ठिसूळ नखांत सुधारणा झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे, पण अशा गोळ्यांमुळे रक्ततपासणीचे निष्कर्ष चुकू शकतात. हृदयविकाराच्या निदानासाठीची ट्रोपोनिन तपासणीही त्यात येते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. या वयात थायरॉइडची तपासणी वारंवार होते आणि तिच्यावरही बायोटिनचा परिणाम होऊ शकतो. म्हणून गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला आधीच सांगावे.

मॅनिक्युअरआधी डॉक्टर केव्हा

चमच्यासारखी खोलगट झालेली नखे शरीरातील लोहाच्या कमतरतेची खूण असू शकतात, आणि पाळी थांबण्याआधीच्या वर्षांत अतिरक्तस्राव होत असेल तर ही शक्यता गंभीरपणे घ्यावी. थकवा, वजनवाढ आणि केसगळती यांसह नखे ठिसूळ होत असतील, तर थायरॉइड तपासावे. जाड, पिवळसर, भुसभुशीत नख बुरशीचे असू शकते, आणि टाचणीने टोचल्यासारखे खळगे सोरायसिसमध्ये दिसतात. एकाच नखावर नव्याने उमटलेली किंवा रुंदावत जाणारी काळपट उभी पट्टी, विशेषतः तिचा रंग शेजारच्या त्वचेतही उतरला असेल तर, विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. अशा नखावर आम्ही कोणताही रंग लावत नाही, कारण रंगाखाली ती पट्टी झाकली जाते.

वेळ ठरवताना

फोन करतानाच आपली नखे ठिसूळ असल्याचे, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास त्यांचे, आणि सध्या नखांवर जेल असल्यास ते कधी व कोठे लावले याचे तपशील द्यावेत, म्हणजे उतरवण्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवता येतो. शस्त्रक्रिया ठरली असल्यास तिच्याआधी येऊन जेल काढून घ्यावे, कारण बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या नोंदीवर रंगाचा परिणाम होऊ शकतो. आमची धातूची हत्यारे प्रत्येक ग्राहकानंतर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक होतात (निळ्या प्रकाशाची पेटी दिसायला छान असली, तरी ती हत्यारे केवळ ठेवण्यासाठी आहे), आणि फायलर व बफर धुऊन पुन्हा वापरता येत नसल्याने ते प्रत्येकीसाठी नवे असतात. वापरलेला फायलर आपण घरी घेऊन जाऊ शकता.