व्हर्सायच्या दरबारात 'दरबारी मान' कसा मिळे: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजाचा व्हर्सायचा राजवाडा पाहायला फारशी आडकाठी नव्हती. नीटनेटका पोशाख आणि कमरेला तलवार असली की पुरुषाला आत फिरता येई. तलवार नसेल तर फाटकापाशी भाड्याने मिळे. पण राजासमोर रीतसर हजर केले जाणे आणि त्याच्या घोडागाडीतून शिकारीला जाणे हा मान वेगळा. त्याला 'दरबारी मान' म्हणत. राजा पंधराव्या लुईने १७६० साली त्याचे नियम पक्के केले.

पात्रता

घराणे सन १४०० पासून सलग उमराव असल्याचे सिद्ध करावे लागे. त्या घराण्याला उमरावकी अमुक साली बहाल झाली, असा उल्लेख सापडला की सहसा अर्ज बाद. म्हणजे न्यायालयातले पद विकत घेऊन उमराव झालेले, किंवा राजाच्या सनदेने झालेले, दोघेही बाहेर. अपवाद राष्ट्राची मोठी सेवा केल्याबद्दल मिळालेल्या सनदांचा. राजाच्या सन्मानसंघांच्या (राजा निवडक उमरावांना मानाने ज्यांत घेई त्या संघांच्या) सरदारांच्या पुरुष वंशजांना फक्त त्या सरदाराशी असलेले नाते दाखवले की पुरे. विवाहित स्त्रीसाठी नवऱ्याचे घराणे तपासले जाई, माहेर नव्हे.

कागदपत्रे

खरी परीक्षा इथे होती. प्रत्येक पिढीसाठी तीन दस्त: लग्नाचे करारनामे, मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचे कागद. सगळे मूळ, नकला चालत नसत. तीस वर्षांची एक पिढी धरली तर १७८० च्या सुमाराच्या अर्जदाराला चाळिसाच्या आसपास मूळ कागद जमवावे लागत.

चौदाव्या लुईच्या काळात, १६६० च्या दशकात, मंत्री कोल्बेरने तोतया उमराव हुडकून काढण्यासाठी देशभर चौकशी केली होती. त्यात 'खरा उमराव' ठरल्याचे निवाडे अनेक घराण्यांनी जिवापाड जपले होते. १७६० च्या नियमाने असे निवाडे पुरावा म्हणून साफ नाकारले. मला हे कलम सर्वांत कठोर वाटते, कारण राजाच्याच अधिकाऱ्याने दिलेला निकाल राजाच्याच दारात चालत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात रक्त सांडलेले घराणे एखादी कागदांची पेटी हरवली म्हणून अडे. जात पडताळणीसाठी पणजोबांचा दाखला शोधत फिरलेल्या माणसाला ही तगमग वेगळी सांगायला नको.

छाननी

कागद राजाच्या वंशावळकाराकडे जात. १७७२ पासून हे काम बेर्नार शेरँ यांच्याकडे होते आणि त्यांचा काटेकोरपणा सर्वज्ञात होता. ते अहवाल लिहीत. शेवटचा शब्द राजाचा.

प्रत्यक्ष हजेरी

पुरुषाचे काम थोडक्यात आटपे. स्त्रीला आधी हजर झालेल्या एखाद्या सरदारपत्नीने सोबत न्यावे लागे. घेरदार पोशाख, मागे लांबलचक झूल. तीन वेळा वाकून मुजरा करायचा, हातमोजा काढायचा, राणीच्या झग्याची किनार चुंबण्यासाठी झुकायचे आणि पाठ न फिरवता मागे मागे चालत बाहेर पडायचे. झूल पायात येऊ नये म्हणून नृत्यशिक्षकाकडे आधी सराव करत.

त्यानंतर पुरुषांची शिकार. नवख्यांचा पोशाख ठरलेला: राखाडी कोट, लाल वेस्टकोट आणि विजार, उंच बूट, कमरेला शिकारीचा सुरा. फेब्रुवारी १७८७ मध्ये ब्रेतान्य प्रांतातला तरुण उमराव, पुढे लेखक म्हणून गाजलेला शातोब्रियाँ असाच हजर झाला. शिकारीत त्याची घोडी आवरेना आणि सावज पडले तिथे तो राजाच्या आधी पोचला. शिष्टाचाराचा हा मोठा भंग होता, पण सोळाव्या लुईने राग धरला नाही.

आज हे कागद कुठे आहेत

१९ जून १७९० रोजी वंशपरंपरागत उमरावकीच रद्द झाली. शेरँ यांच्या दप्तरातल्या फायली मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात त्यांच्याच नावाने ठेवलेल्या आहेत. एखाद्या फ्रेंच घराण्याचा शोध घेणाऱ्याने सुरुवात तिथून करावी. नामंजूर झालेल्या अर्जांतही घराण्यांची बरीच माहिती हाती लागते.