आठ किलोमीटरची तार

महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज लढाऊ विमान उठलं की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घराच्या खिडक्या थरथरतात. १९८५ पासून ही विमानं इथे आहेत, त्यामुळे गच्चीवर पापड घालणारी बाई मान वर करूनही बघत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटला गेलेली मिराजंही इथूनच उठली होती. परवा असाच आवाज आला, तेव्हा शेजारची सातवीतली मुलगी गच्चीवर होती. म्हणाली, "काका, यांना हुकूम दिल्लीहून येतो ना? मग कोणी दिल्लीच उडवली तर?"

साठेक वर्षांपूर्वी अमेरिकी सेनापतींची झोप याच प्रश्नाने उडाली होती. मुख्यालय जमिनीखाली कितीही खोल खणा, त्याचा पत्ता शत्रूच्या नकाशावर असतोच. उपाय म्हटला तर जुनाच आहे. लश्कर हे आमच्या भागाचं नावच मुळी छावणीवरून पडलं. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१०च्या सुमारास इथे स्थिरावला. त्याआधी राज्यकारभार तंबूतून चाले, आणि तंबू आज इथे तर उद्या तिथे. अमेरिकनांनी तोच तंबू विमानात ठोकला.

३ फेब्रुवारी १९६१ पासून २४ जुलै १९९० पर्यंत त्यांचं एक तरी 'लुकिंग ग्लास' विमान सतत हवेत होतं. पुढचं विमान वर पोचल्याशिवाय आधीचं खाली उतरायचं नाही, असा दंडक. लुकिंग ग्लास म्हणजे आरसा. जमिनीवरच्या मुख्यालयातून जे हुकूम देता येतात, ते सगळे विमानात बसलेल्या जनरललाही देता यायला हवेत. एकोणतीस वर्षं कुणी ना कुणी वर बसून अणुहल्ल्याच्या हुकमाची वाट पाहत होतं, आणि सुदैवाने तो कधी आला नाही.

विमान हवेत ठेवणं त्यामानाने सोपं. हवेतच इंधन भरता येतं. खरी पंचाईत बोलण्याची. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोटाची चाचणी केली, आणि तिथून १,४०० किलोमीटरवर हवाईमधले रस्त्यावरचे काही दिवे विझले. अशा स्फोटातून निघणारा विद्युतचुंबकीय झटका तारांमधून घुसतो आणि नाजूक यंत्रं जाळतो. म्हणून अमेरिकेच्या ई-४बी या बोइंग ७४७ वर बेतलेल्या उडत्या मुख्यालयाच्या खिडक्यांना धातूची बारीक जाळी असते. घरातल्या मायक्रोवेव्हच्या दारात डोकावून बघा, तशीच. लहरीच्या लांबीपेक्षा भोकं खूप बारीक असली की लहर आरपार जात नाही. मायक्रोवेव्हमध्ये ती आतली लहर आत ठेवते, विमानात बाहेरची बाहेर.

पण मला सगळ्यात भावते ती तार. हुकूम द्यायचा कुणाला? इतरांबरोबर पाण्याखालच्या पाणबुड्यांनाही. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक, त्यामुळे नेहमीची रेडिओ लहर पृष्ठभागाशीच गारद होते. अगदी कमी कंपनांची लहर मात्र दहा-वीस मीटर खाली उतरते. सेकंदाला वीस हजार कंपनांची लहर घेतली, तर तिची लांबी पंधरा किलोमीटर भरते. ती नीट फेकायची तर अँटेनाही त्याच मापाचा हवा, निदान अर्धा. आता साडेसात किलोमीटरचा खांब विमानावर कसा उभा करणार?

उभा करत नाहीत, खाली सोडतात. अमेरिकेचं ई-६बी मर्क्युरी नावाचं विमान शेपटाकडून सुमारे आठ किलोमीटर लांब तार सोडतं, चरखीवरून मांजा सोडावा तशी. महाराजपुऱ्याच्या धावपट्टीवर एक टोक धरलं, तर दुसरं किल्ल्याच्या जवळपास पोचेल. सरळ उडलं तर तार मागे आडवी लोंबत राहील, आणि ती हवी उभी. म्हणून वैमानिक विमान कलतं ठेवून छोट्या वर्तुळात घिरट्या घालतो. वरचं टोक गोल फिरतं आणि खालचा बराचसा भाग मधोमध जवळजवळ उभा लोंबतो. एवढा खटाटोप करून संदेश जातो तो अगदी संथ, मोजक्या अक्षरांचा. अशा लहरीवर गप्पा मारता येत नाहीत.

रशियाकडे याच कामाचं इल्यूशिन-८० आहे. त्याच्या प्रवासी भागाला खिडक्याच नाहीत. जाळीचा प्रश्नच मिटवला! २०२० मध्ये रशियातल्या तागनरोगला दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या या जातीच्या एका विमानातून चोरांनी रेडिओची यंत्रंच लांबवली. अणुस्फोटाला पुरून उरेल असं विमान, आणि तिथे भुरटी चोरी.

आपल्याकडे पाणबुड्यांसाठीच्या या लहरी तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदलाच्या तळावरच्या उंच मनोऱ्यांवरून जातात. आणि 'नेत्र' विमान? तेही असंच उडतं मुख्यालय, असं समजून पुष्कळांचा इथे घोटाळा होतो. पाठीवर रडार घेऊन उडणारं नेत्र दूरवरची विमानं टिपतं आणि आपल्या लढाऊ विमानांना वाट दाखवतं. म्हणजे ते मुख्यतः डोळा. राज्यकर्त्यांचा शेवटचा हुकूम पोचवणं हे काम वेगळं.

मुलीला हे सगळं सांगितलं. तारेचं तिला फारसं कौतुक वाटलं नाही, मांज्याची सवय असल्यामुळे असेल. मग सांगितलं की ई-४बी विमानं आता म्हातारी झालीत. २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवी उभी करायला १३ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं गेलं, आणि त्यासाठी कोरियन एअरची वापरलेली ७४७ विकत घेतली.

"म्हणजे सेकंड हँड?"

"हो गं, सेकंड हँड."

हे मात्र तिने खाली जाऊन आईला सांगितलं.