चीनने कर्ज मागितलं की अमेरिका बसली?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यानंतर चहाला बसलं की हे वाक्य हमखास कानावर येतं: 'अमेरिका चीनच्या कर्जात बुडालीय, चीनने पैसे मागितले की खेळ खल्लास.' गेली पंधरा वर्षं तरी मी हे ऐकतोय.

2024 अखेर अमेरिकेचं सरकारी कर्ज होतं 36 लाख कोटी डॉलर. त्यात चीनचा वाटा जेमतेम 2 टक्के. बहुतांश कर्ज खुद्द अमेरिकेतल्याच बँका, पेन्शन फंड, सरकारी खाती वगैरेंनी दिलेलं आहे. परदेशी धनकोंमध्येही 2019 पासून जपान पुढे आहे.

शिवाय ही सावकाराची उधारी नव्हे, सरकारी रोखे आहेत, म्हणजे ठरलेल्या मुदतीला पैसे परत करायची लेखी हमी. मुदतीआधी पैसे मागता येत नाहीत, फार तर रोखे दुसऱ्याला विकता येतात. आता सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं आठवा. सगळी एकाच दिवशी उपसली तर हळदीचा भाव पडणार आणि पहिला फटका पेववाल्यालाच! चीनचंही तेच. म्हणून तो हळूहळू विकतोय: 2013 मध्ये 1.3 लाख कोटी डॉलरच्या आसपास असलेले रोखे 2024 अखेर 0.76 लाख कोटींवर आले. अमेरिका काही बसली नाही.

व्याजाचा बोजा तिला जड जातोय, हे मात्र खरं. पण ते दुखणं घरचं आहे.