२५२० आणि रामानुजन: त्या मेसेजमधलं खरं किती?

शिवाजी पेठेतल्या आमच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरून फिरून येतो: ‘१ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०. शोध रामानुजन यांचा. रहस्य असं, की ७ वार × ३० दिवस × १२ महिने!’

एकमेव? ५०४० ला भागून बघा की. २५२० च्या कुठल्याही पटीला भाग जातो; २५२० त्यातली फक्त सगळ्यांत लहान. शाळेतला लसावि, दुसरं काही नाही. परवा मिसळीच्या बिलामागं मी मांडूनच दाखवलं: ८ घेतले की २ अन् ४ आलेच, ९ मध्ये ३ आला, उरले ५ आणि ७. ८×९×५×७ = २५२०. ६ आणि १० आपोआप. वार-महिने कुठून आले? ३०×१२ म्हणजे ३६०. वर्षाचे उरलेले पाच दिवस काय रंकाळ्यात बुडाले?

शोधाचं म्हणाल, तर ५०४० ची हीच गंमत प्लेटोनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलीय. रामानुजन यांचं नाव मात्र अगदीच हवेतलं नाही. स्वतःहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांचा १९१५ चा निबंध आहे. २५२० ला ४८ विभाजक, त्यामुळं ती त्या मालिकेत बसते. ११ नंही भाग जायला हवा असेल, तर २७७२० गाठा.