चेंडू कुठे पडणार, हे विली मेजला कसं कळायचं?

29 सप्टेंबर 1954. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, 2-2 अशी बरोबरी. क्लीव्हलँडच्या विक वर्ट्झने टोलवलेला चेंडू थेट मैदानाच्या मागच्या टोकाकडे निघाला. न्यूयॉर्क जायंट्सचा सेंटर फिल्डर (आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागाच्या, मध्यावरचा क्षेत्ररक्षक) विली मेज पाठ फिरवून धावत सुटला आणि खांद्यावरून आलेला चेंडू त्याने पळता पळताच झेलला. लगेच गर्रकन वळून फेकही केली.

2024 मध्ये 93व्या वर्षी मेज गेला. 660 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) आणि क्षेत्ररक्षणासाठीचे 12 गोल्ड ग्लोव्ह त्याच्या नावावर आहेत. अशा झेलांबद्दल ‘मेंदू सुपरकॉम्प्युटरसारखा क्षणात गणित सोडवतो’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. खरी युक्ती त्याहून सोपी आणि कितीतरी सुंदर आहे.

सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने ती 1968 मध्ये मांडली. चेंडूची उंची भागिले तुमच्यापासून त्याचं आडवं अंतर, म्हणजे शाळेतला टॅन थीटा. समजा, चेंडू 4 सेकंद हवेत आहे, आडवा वेग सेकंदाला 25 मीटर, आणि तुम्ही तो जिथे पडणार तिथेच, 100 मीटरवर उभे आहात. गुरुत्वत्वरण 10 धरू. 1, 2 आणि 3 सेकंदांनंतर उंची 15, 20, 15 मीटर. उरलेलं अंतर 75, 50, 25. गुणोत्तर येतं 0.2, 0.4, 0.6. चेंडू खाली येऊ लागला तरी गुणोत्तर ठरावीक गतीनेच वाढतंय!

आता 20 मीटर मागे जा: 0.16, 0.29, 0.33. वाढ मंदावली, म्हणजे चेंडू पुढे पडणार. 20 मीटर पुढे या: 0.27, 0.67, 3. वाढ भडकली, चेंडू डोक्यावरून जाणार. म्हणून ही वाढ एकसारखी राहील अशा बेताने पुढे-मागे धावत राहायचं. चेंडू हातात येतो. हवेच्या विरोधामुळे खरा मार्ग अचूक पॅराबोला नसतो, पण धावताना चूक सतत सुधारली जात असल्याने फारसं बिघडत नाही. सीमारेषेवरचा क्रिकेटपटूही हेच करतो, आणि चेंडू नेमका कुठे पडणार हे त्याला आधी ठाऊक असावं लागत नाही.

यात सहावं इंद्रिय कुठेच नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ वर्गांचे पैसे भरणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावं: इथे सगळी माहिती उघड्या डोळ्यांतूनच येते.

मेजचा तो झेल मात्र या नियमात पुरता बसत नाही, कारण धावताना बराच वेळ त्याची चेंडूकडे पाठ होती. सुरुवातीच्या क्षणांत चेंडू किती जोरात वर चढतोय एवढं पाहून त्याने दिशा आणि वेग ठरवला असणार. ती नजर सरावाने येते. किशोरवयात बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या संघाकडून निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये, उतरल्यापासून तो असे चेंडू पाहत आला होता, आणि 1973 मध्ये निवृत्त होईपर्यंत आउटफिल्डमध्ये त्याने सात हजारांहून अधिक झेल टिपले.